कपाटामागची भिंत

घर बघायला गेलेली माणसं वर बघतात. छत किती उंच, खिडक्या किती मोठ्या, उजेड कुठून येतो. मी खाली बघते. भिंत जिथे फरशीला टेकते ती वीतभर पट्टी जेवढं खरं सांगते तेवढं घरमालक सांगत नाही. गेली बावीस वर्षं एका बँकेत माझं हेच काम आहे. कुणी घरासाठी कर्ज मागितलं की जागेवर जायचं, घर मोजायचं आणि ते कितपत धडधाकट आहे ते लिहून द्यायचं. त्यामुळे नात्यागोत्यात कुणी पहिलं घर घ्यायला निघालं की आधी मला फोन येतो. मीही हौसेने जाते, आणि गेले की तोंड बंद ठेवत नाही.

माझं सांगणं आता सगळ्यांना पाठ झालं आहे. घर दोनदा बघा, एकदा भर दुपारी आणि एकदा लोक कामावरून परततात तेव्हा. घरमालकाच्या मागे मागे फिरू नका, तो त्याला हवं तेच दाखवतो. सगळे नळ एकदम सोडा. तीन भिंती जुन्या आणि चौथीलाच ताजा रंग असेल तर का ते विचारा. शेजाऱ्याला या घराबद्दल विचारू नका, तो गोडच बोलणार. त्याच्या स्वतःच्या घरात काय काय बिघडतं ते विचारा, मग तो थांबत नाही. कागद आपल्या वकिलाने वाचल्याशिवाय कुणाच्या हातावर काही ठेवू नका. होतं नव्हतं ते सगळं घरात घालू नका, पहिल्या वर्षी दुरुस्त्या निघतातच. बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर चांगलं, असं तर मुळीच समजू नका. घर विकून आपले पैसे निघतील का एवढंच बँक बघते; बँकेतली बाई म्हणून सांगते. आणि कपाटं सरकवा. सगळ्यात जड असेल ते आधी.

माझ्या भावाने आणि भावजयीने हे इतक्यांदा ऐकलं होतं की मी तोंड उघडलं की दोघं पुढचं वाक्य पुरं करायची.

धाकटा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायचं त्याचं काम. भावजय पुस्तकं बांधते. नवी नव्हे, जुनी, पानं सुटलेली आणि पुठ्ठे गळालेली. मोठ्या वाचनालयातून तिच्याकडे काम यायचं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी दोघं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. त्यातल्या एका खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, सरसाचे डबे आणि कागदांच्या चळती. जेवायचं ताट ठेवायचं तर आधी काहीतरी उचलावं लागायचं.

आई माझ्याजवळ असते. माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यालाही आता जमाना झाला. आई एकेकाळी टेलिफोन खात्यात होती, दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची. आता एक्याऐंशी वर्षांची आहे. दिवसा एक बाई तिच्याजवळ बसते, पण ती सहाला जाते, आणि दिवेलागणीला आईला एकटं सोडता येत नाही. तिला घाबरं होतं, दार उघडून रस्त्यावर जाते. म्हणून मी सहाला घरात. नऊ वर्षं. ऑफिसात कुणाचा निरोपसमारंभ असला तरी मी भाषणं सुरू व्हायच्या आधी पर्स उचललेली असायची.

धाकटा रविवारी यायचा. फळं आणायचा, आईला हसवायचा आणि चारच्या बसने जायचा. आईच्या लेखी तो पाहुणा होता, आणि पाहुण्यावर कुणी रागवत नाही. तो गेल्यावर आई म्हणायची, "किती करतो गं माझ्यासाठी." मी कपबशा विसळत असायचे.

दोघांनी घर घ्यायचं ठरवलं तेव्हा शेवटी दोनच घरं उरली. एक वाचनालयाजवळ, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या घरापासून दोन बस आणि दीड तास. दुसरं माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर.

लांबचं घर मी इतक्या बारकाईने तपासलं, की तेवढं बँकेसाठीही कधी तपासलं नसेल. पाण्याला जोर कमी, जिना अरुंद, एका खिडकीची चौकट कुजलेली, मोरीचा उतार उलटा. सगळं खरं होतं. पण कुठल्याही घरात सापडतील अशा या गोष्टी. मी त्या ओळीने कागदावर लिहून दिल्या, एकाखाली एक. तोंडी सांगितलेलं माणूस विसरतो, लिहिलेलं वाचलं की घाबरतो. हे मला धंद्यातून ठाऊक होतं. कागद वाचून धाकट्याचा चेहरा उतरला. "बरं झालं तू होतीस," तो म्हणाला.

जवळच्या घराचा मालक मोटार चालवायला शिकवायचा. सत्तरी उलटलेला, एकटा माणूस. जन्मभर शेजारी बसून "क्लच, क्लच" म्हणत आल्यामुळे सगळी गल्ली त्याला क्लचमास्तर म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं. घर लहान, बैठं, वर गच्ची. मास्तर आता मुलीकडे राहायला जाणार होते. मागच्या खोलीत भिंतभर एक शिसवी कपाट होतं. ते खोलीतच जोडलेलं असल्यामुळे दारातून बाहेर निघत नव्हतं, म्हणून घराबरोबरच मिळणार होतं.

धाकटा आणि भावजय गच्ची बघायला वर गेली. मी मागच्या खोलीत खाली बघत उभी होते. मास्तर आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही यातल्या जाणकार दिसता. जरा हात लावा." आम्ही दोघांनी कपाटाची एक बाजू ओढली. मागे भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, तव्याएवढा डाग होता. कडेने पांढरी पूड धरलेली. मी नाणं काढून ठोकून बघितलं. गिलावा पोकळ वाजला.

"दोन वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "मागच्या घराचं सांडपाणी या भिंतीलगत जमिनीखालून जातं, त्याचं असावं. वाढत नाही, पण जातही नाही. मला हे नीट शब्दांत सांगता यायचं नाही. मी सांगू का तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," मी म्हटलं.

आम्ही कपाट होतं तसं ढकललं. मास्तर चहा टाकायला गेले. जिन्यावर पावलं वाजली, दोघं खाली आली. गच्चीवरून आमची इमारत दिसते म्हणून धाकटा खुशीत होता. भावजय सरळ त्या कपाटाजवळ गेली, त्यावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "ताई, हे सगळ्यात जड. सरकवायचं ना?"

"मी बघितलंय," मी म्हटलं. "ठीक आहे."

बास, एवढंच. दोन वाक्यं. त्या वेळी मी काय विचार केला ते मला पक्कं आठवतं. डाग लहान आहे, जवळजवळ कोरडा आहे, नंतर कधीतरी आपणच गवंडी आणून करून घेऊ. आणि त्या विचाराच्या मागे दुसरा एक विचार होता, की संध्याकाळी सहा वाजता माझ्या घरी कुणी दुसरं असेल.

भावात घासाघीस करायला धाकटा मोठी तयारी करून गेला होता. मास्तरांनी पहिल्याच आकड्याला मान डोलावली. "म्हातारा नरम निघाला," धाकटा बाहेर आल्यावर म्हणाला, आणि घरी जाईपर्यंत शीळ घालत होता. मास्तरांना वाटलं होतं, हे लोक ओलीचे पैसे वळते करून घेताहेत, आणि ते रास्तच आहे. हे आम्हा तिघांत फक्त मला माहीत होतं.

सामान लावायच्या दिवशी भावजय म्हणाली, "काम मागच्या खोलीत करीन."

"पुढची खोली घे की," मी म्हटलं. "मोकळी आहे."

"पुढे ऊन येतं, ताई. कागदाला ऊन चालत नाही. मागे कसं गार आहे बघा."

तेव्हाही सांगता आलं असतं. घर त्यांच्या नावावर झालेलं होतं, चिडली असती, पण तिचे कागद तरी बचावले असते. मी तिच्या हातातली चळत घेतली आणि कपाटात रचायला लागले.

त्यानंतरचे पाच महिने माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते, आणि हे लिहितानाही मला लाज वाटते. धाकटा रोज साडेपाचला दुकानातून थेट आईकडे यायचा. मी ऑफिसातून हवी तेव्हा निघायचे. पोहायला शिकायचं माझं लहानपणापासून राहून गेलं होतं. बावन्नाव्या वर्षी मी तलावावर नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची. "काकू, पाण्याशी भांडू नका," म्हणायची. आईलाही मुलाचा सहवास मिळत होता. सगळ्यांचंच भलं झालं, असं मी स्वतःला सांगायचे, आणि तलावावरून येताना त्यांच्या गल्लीतून न जाता पलीकडून वळसा घालायचे.

मागच्या घरात इतके दिवस एक म्हातारी एकटीच राहत होती. ती गेली आणि सात माणसांचं कुटुंब भाड्याने आलं. सात माणसांच्या आंघोळी, धुणी, भांडी. सांडपाण्याच्या त्या जुन्या, तडकलेल्या नळातून जे आधी पाझरत होतं ते वाहायला लागलं.

भावजयीकडे तेव्हा वाचनालयाचं मोठं काम होतं. एका शाळामास्तराने चाळीस वर्षं रोजच्या हवेच्या नोंदी ठेवल्या होत्या. आज ढग कुठून आले, वारा किती होता, पहिलं दव कधी पडलं. नऊ जाड वह्या, एकच प्रत, दौत-टाकाने लिहिलेल्या. तिने त्या सगळ्यात सुरक्षित म्हणून त्या शिसवी कपाटात ठेवल्या होत्या. एकेक काढून बांधायची. खालच्या खणातल्या शेवटच्या दोन वह्या काढायला गेली तर त्या कपाटाच्या पाठीला चिकटून बसल्या होत्या. शाई फुटून पानांवर निळे ढग झाले होते आणि वर करड्या बुरशीची लव.

मला फोन धाकट्याने केला. मी गेले तेव्हा कपाट खोलीच्या मध्यावर ओढलेलं होतं आणि मागे भिंत छातीपर्यंत काळी होती. भावजय फरशीवर बसून पानांच्या मध्ये टिपकागद घालत होती. तिने वर बघितलं नाही.

"त्या म्हाताऱ्याने फसवलं आपल्याला," धाकटा म्हणाला. "कपाट मुद्दाम तिथे ठेवलं होतं. बाहेर निघत नाही म्हणे. तुझ्यासारखीला दिसलं नाही, म्हणजे किती सफाईने लपवलं असेल बघ."

मी गप्प राहिले. माझ्या गप्प बसण्यालाही तो माझा भलेपणा समजला.

वाचनालयाने उरलेल्या वह्या परत नेल्या. काम थांबलं. धाकट्याने मास्तरांना फोन करून रविवारी दुपारी बोलावलं आणि मलाही यायला सांगितलं, "तू जाणकार म्हणून बस," म्हणाला. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून वेळेवर आले. भिंत बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा, इतकं वाढलं?" ते म्हणाले.

धाकट्याने तेच पकडलं. "वाढलं म्हणजे? तुम्हाला माहीत होतं तर."

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नव्या शिकाऊ माणसाकडे चौक जवळ आल्यावर ते असेच बघत असतील. स्वतःहून ब्रेकवर पाय ठेवतो का, याची वाट बघत. चौक आला. मी माझ्या कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"माझं चुकलं," मास्तर शेवटी म्हणाले. "तुम्हाला दोघांनाच सांगायला हवं होतं मी."

धाकटा त्यांना नको नको ते बोलला. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. लबाड म्हणाला, मंगळवारी वकिलाकडे जातो म्हणाला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, उठले आणि चपला घालून गेले. भावजय कप उचलायला आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बघितलं तेव्हा नसेलच काही."

सोमवार मी कसाबसा काढला. मंगळवारी सकाळी एका तरुण जोडप्याच्या घराच्या पाहणीला गेले. त्यांचं पहिलंच घर. मुलगा माझ्यामागे टेप धरून फिरत होता, मुलगी वहीत सगळं टिपून घेत होती. मी स्वयंपाकघरातलं कपाट सरकवून दाखवलं, नळ सोडले, नेहमीचं सगळं सांगितलं. निघताना मुलीने विचारलं, "मॅडम, एक विचारू? तुमच्या घरच्यांसाठी तुम्ही हे घर घेतलं असतं का?"

हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. माझं उत्तरही ठरलेलं आहे. त्या दिवशी मला तोंडच उघडता येईना. अहवाल पाठवते एवढं पुटपुटून मी बाहेर पडले आणि सरळ भावजयीकडे गेले.

अकरा वाजले होते. पुढच्या खोलीत टेबल ओढून ती मऊ कुंचल्याने एका पानावरची बुरशी झटकत होती. तोंडाला रुमाल बांधलेला. मी दारातच उभी राहिले, बसले असते तर बोलणं झालं नसतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"काय?"

"भिंतीचं. मास्तरांनी मला कपाट सरकवून दाखवलं होतं. तुम्ही दोघं गच्चीवर होतात. तुम्हाला सांगा म्हणाले. मी सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही."

तिने आणखी दोनदा कुंचला फिरवला. मग तो खाली ठेवला, रुमाल सोडला.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "कपाट सरकवायचं का म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, बघितलंय, ठीक आहे."

"हो."

"का?"

वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. डाग लहान होता, जवळजवळ कोरडा होता, मागे सात माणसं येतील हे कुणाला ठाऊक. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "तुम्ही जवळ राहायला यायला हवे होतात," मी म्हटलं. "आईसाठी. आईसाठी म्हणजे, माझ्यासाठी. मला संध्याकाळी सुटायचं होतं."

तिने कुंचल्याला लागलेली लव रुमालाने पुसली.

"मग तसं म्हणायचं होतं, ताई. हे घर जाहिरातीत शोधलं कुणी? मी शोधलं. ताई एकट्याच ओढताहेत, आपण जवळ जाऊ, असं मी ह्यांना वर्षभर सांगत होते. हे नसतं घेतलं तर इथेच दुसरं बघितलं असतं. लांबचं घर ह्यांना आवडलं होतं, मला नव्हतं."

मला बसावंसं वाटलं, पण ती बसा म्हणाली नाही.

"चारला ते वकिलाकडे जाणार आहेत," ती म्हणाली. "त्याच्या आत तुम्ही सांगा. मी नाही सांगणार. आणि आता जरा जा. मला हे पान पुरं करायचंय."

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला धाकट्याचं यंत्र आहे. तो भिंग घासत होता. मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, कारण पुढे गिऱ्हाइकं होती. त्याने यंत्र बंद केलं. त्याचे हात भिंगाच्या पांढऱ्या चिखलाने भरले होते, ते त्याने मांडीवर तसेच ठेवले.

"मी त्या माणसाला लबाड म्हणालो," तो म्हणाला. "त्याच्या तोंडावर. आणि तू समोर बसली होतीस."

"हो."

"चहा पीत."

त्याने यंत्र पुन्हा चालू केलं. "जा तू, ताई. मला काम आहे."

मला वाटलं होतं, आता तो यायचा थांबेल. तो थांबला नाही. रोज साडेपाचला आईकडे यायचा तसाच येत राहिला. आईला जेवू घालायचा, तिच्याशी पत्ते खेळायचा. मी आले की उठायचा आणि चपला घालायचा. औषध दिलं, दूध दिलं, एवढं आईलाच ऐकवल्यासारखं बोलून जायचा. तो थांबला असता तर मला शिक्षा झाल्यासारखं तरी वाटलं असतं. महिनाभर हे बघितल्यावर आई एकदा मला म्हणाली, "तुमची लाइन कट झाली आहे का गं? मी जोडून देऊ?"

"तुला नाही जोडता यायची ही, आई."

"मग होल्डवर राहा," ती म्हणाली आणि पत्ते पिसायला लागली.

पोहायचं मी सोडून दिलं. कुणी सोड म्हटलं नव्हतं. पाण्यात उतरलं की त्या वह्या डोळ्यांपुढे यायच्या. मी पंधरा दिवसांची रजा टाकली. माझ्या ओळखीचा चांगला गवंडी होता, त्याला घेऊन गेले. मागच्या घराच्या मालकाला भेटले, जुना नळ उकरून काढला, नवा टाकला, भिंतीबाहेर कमरेइतका चर खणून घेतला, आतला गिलावा विटांपर्यंत सोलून काढला. रोज सकाळी जाऊन उभी राहायचे. धाकट्याला माझ्या खर्चाने काम नको होतं. भावजयीने त्याला सांगितलं, "करू दे त्यांना. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही. भिंत वाळायला हवी आणि हे काम त्यांना येतं."

विटा वाळायला वर्ष लागतं. तोवर तिला कोरडी जागा हवी होती. माझी पुढची खोली तशीच पडून असते. मी विचारलं तेव्हा तिने आठ दिवस उत्तर दिलं नाही, आणि नवव्या दिवशी हातगाडीवर शिकंजा घालून घेऊन आली. आता दिवसभर ती तिथे असते. आई तिच्यासमोर खुर्ची टाकून बसते आणि तिला दोरा ओवून देते. आमच्या दोघींचं बोलणं होतं, कामापुरतं होतं. पूर्वी ती माझी चेष्टा करायची, माझी वाक्यं पुरी करायची. आता मी बोलते तेव्हा ती ऐकून घेते.

वाचनालयातही मी गेले. तिथल्या मुख्य बाईंना सांगितलं की चूक भावजयीची नव्हती, माझी होती. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या, "पण आम्हाला कारण नको होतं, वह्या हव्या होत्या." दोन वह्यांतली मिळून नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत दव कधी पडलं, वारा कुठून सुटला, हे आता कुणालाच कळणार नाही. भावजयीला तिथून पुन्हा काम आलं नाही. ती आता एका छापखान्याच्या हिशेबवह्या बांधते. जुन्या पुस्तकांचा विषय निघाला की उठून आत जाते.

मास्तरांकडे जायला मला सगळ्यात उशीर झाला. त्यांच्या मुलीच्या घरी सज्जात ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"तुमचा भाऊ कधीच येऊन गेला," ते म्हणाले. "त्याच दिवशी, दुकानातून थेट. हाताला पांढरं लागलेलं होतं तसाच. पाया पडायला लागला, मी पडू दिलं नाही."

हे मला धाकट्याने सांगितलं नव्हतं.

"त्या रविवारी तुम्ही मला का वाचवलंत?" मी विचारलं. "सरळ माझं नाव घ्यायचं होतं."

मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी केली, मग आणखी एक घडी केली. "बाई, खरं सांगू? तुम्ही सांगते म्हणालात, तेव्हाच मला वाटलं होतं की तुम्ही सांगणार नाही. ज्याला सांगायचं असतं तो लगेच जिन्याकडे जातो. तुम्ही कपाट ढकलायला लागलात. आणि मीही हात लावला. मला घर विकून मोकळं व्हायचं होतं. भाव कमी करून दिला की आपण सुटलो, असं मला वाटलं. चहा देताना एका वाक्यात विचारता आलं असतं, ओलीचं कळलं ना म्हणून. नाही विचारलं."

मी तिथे समाधान शोधायला गेले होते, असं आता वाटतं. ते काही मिळालं नाही. दुसऱ्याचीही चूक होती हे कळल्याने माझी तसूभरही कमी झाली नाही. आम्ही दोघं खालच्या रस्त्याकडे बघत बसलो. एक शिकाऊ मुलगी गाडी मागे घेत होती आणि तिची गाडी सारखी बंद पडत होती. मास्तर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, बहुतेक क्लच म्हणाले असतील.

त्यालाही आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तेव्हा धाकटा नेहमीसारखा चपला घालायला उठला नाही, खुर्चीवर बसून राहिला. आई झोपली होती. इकडचं तिकडचं काही न बोलता त्याने विचारलं, "गिलावा कधी करायचा?"

"अजून दोन महिने थांब," मी म्हटलं. "वरून वाळल्यासारखी दिसते. आत ओल आहे."

"उद्या ये आणि बघून सांग."

दुसऱ्या दिवशी मी ओल मोजायचं यंत्र घेऊन गेले. त्याला दोन टोकदार सुया असतात, त्या विटेत टेकवल्या की आकडा उमटतो. मी भिंतीला सहा ठिकाणी टेकवून सहा आकडे मोठ्याने सांगितले. धाकट्याने ते लिहून घेतले. मग हात पुढे केला, माझ्या हातातून यंत्र घेतलं आणि त्याच सहा जागी वाकून स्वतः टेकवून बघितलं. प्रत्येक आकडा माझ्या आकड्याशी ताडून बघितला, त्यापुढे खूण केली. मी मागे सरून त्याला उजेड येईल अशी उभी राहिले.

"दोन महिने," शेवटी तो म्हणाला.

"दोन तरी," मी म्हटलं.